पत्नीच्या आठवणी जपायच्या आहेत: आवाज, फोटो, वही, साड्या. आधी काय हाती घ्यावं?

खानदेशी
पत्नीचं अलीकडेच स्वादुपिंडाच्या कर्करोगानं निधन झालं. दिवसकार्य झालं, आता घर रिकामं आहे. कपाट आणि फोन समोर आहेत आणि कशाला आधी हात घालावा ते कळत नाही.

असलेल्या गोष्टी: तिचा अँड्रॉइड फोन (पॅटर्न माहीत आहे, सिम प्रीपेड, तिच्या नावावर), व्हॉट्सअ‍ॅपवरचे बरेच आवाजी निरोप, दोन जुने चिकटपट्टीचे अल्बम, पाककृतींची हाताने लिहिलेली वही, तीसेक साड्या (बहुतेक सुती, दोन इरकल, एक पैठणी). वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढावी असं मुलांचं म्हणणं आहे. सांत्वन नातेवाइकांनी भरपूर केलंय. इथे कृपया नेमकं काय, कसं, कोणत्या क्रमानं करायचं तेवढं सांगा.

---

तारायंत्र
क्रम एकच: जे आपोआप नाहीसं होतं ते आधी. साड्या दोन वर्षं थांबतील, सिम थांबणार नाही.

प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर तो बंद होतो. शिलकीत २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्याच कुणाला दिला जातो. त्या माणसानं त्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं की तुमच्या हातातल्या फोनवरचं खातं बाहेर पडतं, आणि पुन्हा आत शिरायला लागणारा ओटीपी त्याच्याकडे जातो. म्हणून आजच किमान रिचार्ज करा. नंतर मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि स्वतःचं आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि नंबर स्वतःच्या नावावर करून घ्या. त्याच फोनवरून तिच्या बँक खात्याचे व्यवहार मात्र करू नका. बँकेला कळवायचं आणि वारसाच्या रीतसर मार्गानंच जायचं.

फोनवर या गोष्टी टाळा: व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकणं, 'नंबर बदला' दाबणं, फोन 'साफ' करून देणाऱ्या दुकानात नेणं. पॅटर्न माहीत आहे हे फार बरं. माहीत नसता तर बहुतेक दुकानांत एकच उपाय मिळतो, तो म्हणजे फोन रीसेट करणं, आणि त्यात आतलं सगळं जातं.

आता आवाज. आधी तिच्या प्रत्येक महत्त्वाच्या गप्पांत जाऊन 'डिसअपीअरिंग मेसेजेस' चालू आहे का ते पाहा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस यांपैकी काही निवडलेलं असेल तर निरोप आपोआप पुसले जात आहेत. ते बंद करा. मग फोन केबलनं संगणकाला जोडा, फोनच्या पडद्यावर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि या वाटेनं जा: अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, मीडिया, व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स. आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांचे फोल्डर दिसतील. सगळा फोल्डर जसाच्या तसा उचला, निवडत बसू नका. फाइल 'पीटीटी' या अक्षरांनी सुरू होते, पुढे वर्ष-महिना-दिवस असतो. कॉपी करताना संगणकानं तारीख बदलली तरी नावातली तारीख टिकते.

त्यात तिनं पाठवलेले आणि तिला आलेले असे दोन्ही आवाज एकत्र मिळतात. ते ऐकूनच वेगळे करावे लागतात, दुसरा मार्ग नाही.

तिच्या फोनवर नसलेले निरोप इतरांच्या फोनवर असतात. बहीण, मैत्रिणी, भिशीचा गट, शाळेचा गट, सगळ्यांना विचारा, आणि लवकर विचारा. लोक फोन बदलतात आणि बॅकअप घेत नाहीत. त्यांनी तुम्हाला तो निरोप नुसता पुढे पाठवला तरी मूळ आवाज येतो. गप्पा 'एक्सपोर्ट' करून ठेवायच्या असतील तर मर्यादा लक्षात असू द्या: फोटो-आवाजासह साधारण १०,००० निरोप, नुसता मजकूर असेल तर ४०,०००. त्यापेक्षा जुने गाळले जातात आणि तसं कुणी सांगत नाही.

फाइल 'ओपस' प्रकारच्या असतात. मूळ तशाच ठेवा आणि मुलांना गाडीत वगैरे ऐकायला एमपी३ प्रत वेगळी काढा. मागचा पंख्याचा किंवा कुकरचा आवाज कमी करायचा मोह होतो. जास्त कमी केला की श्वास आणि 'स', 'श' खरवडले जातात आणि माणूस यंत्रासारखा बोलायला लागतो. ६ डेसिबलच्या वर जाऊ नका, तेही प्रतीवर. माझं मत विचाराल तर कुकर राहू द्या.

नावं अशी द्या: २०२२-०८-१४_मावशीला_मोदकाची उकड. कुणाला, कशाबद्दल. आजारपणातले निरोप वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. शेवटच्या महिन्यांत घसा आणि जोर दोन्ही बदललेले असतात, आणि मध्येच तो आवाज लागला की ऐकणारा पुन्हा त्या फोल्डरकडे वळत नाही. पुसायचं काही नाही, फक्त वेगळं ठेवायचं.

प्रती तीन: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरात (मुलीकडे, भावाकडे) किंवा क्लाउडवर. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका, वर्षानुवर्षं न जोडता पडून राहिला तर त्यातली माहिती उडू शकते. क्लाउड तिच्या गूगल खात्यावर असेल तर तेही बघा. दोन वर्षं खातं वापरलं नाही तर गूगल ते फोटोंसकट काढून टाकू शकतं. अधूनमधून लॉगिन करत राहा किंवा गूगलचीच 'टेकआउट' ही सोय वापरून सगळं उतरवून घ्या.

---

कागदकाम
वरचं सगळं पटलं. एकच भर: तिचा फोन बंद करून कपाटात ठेवणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली असताना ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा. पूर्ण उतरलेली बॅटरी पुढे चार्जच होत नाही, आणि पूर्ण भरून गरम जागी ठेवलेली फुगते.

अल्बमकडे येऊ. चिकटपट्टीचे अल्बम (वर पारदर्शक कागद, खाली गोंदाच्या रेघा) हे फोटोंचे सगळ्यात मोठे शत्रू. गोंद पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीला धरून बसतो. नखानं उपटाल तर फोटो वाकून वरचा थर तडकेल. दात साफ करायचा दोरा, म्हणजे फ्लॉस, फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. जिथे अडेल तिथे थांबा. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा, फोटो पानावरच राहिला तरी चालेल. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर कधीच सोडवू नका. काचेवरूनच स्कॅन करायचा.

स्कॅन किती? ४×६ इंची फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरे. त्यातून २४००×३६०० ठिपके मिळतात आणि टिफ (दर्जा न घटवता साठवणाऱ्या) स्वरूपात एक फाइल सुमारे २६ एमबीची होते. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२००, निगेटिव्ह असतील तर २४०० किंवा जास्त. मोबाइलनं फोटोचा फोटो काढणं ही तात्पुरती सोय आहे, दिव्याची चमक आणि वाकडेपणा त्यात कायमचा बसतो. स्कॅन झालं की पाठीमागचा मजकूरही स्कॅन करा. 'ताईचं डोहाळजेवण, जळगाव' असली एक ओळ कधीकधी फोटोपेक्षा मोलाची असते.

भिंतीवरच्या तसबिरीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घेऊ नका. साध्या दर्जात तो लांब बाजूला साधारण १६०० ठिपक्यांपर्यंत दाबलेला असतो. १२×१८ इंचाला १५० डीपीआयनं निदान १८००×२७०० हवेत. ज्यानं तो काढला त्याच्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. स्टुडिओवाल्याला स्पष्ट सांगा: चेहरा गुळगुळीत करायचा नाही, तीळ-व्रण पुसायचे नाहीत, कुंकू स्वतः रंगवायचं नाही. हल्लीच्या आपोआप 'सुधारणा' करणाऱ्या अ‍ॅपमध्ये नाक-डोळे बदलून भलतीच बाई तयार होते. काच आणि फोटो यांत माउंटची (जाड पुठ्ठ्याची) पट्टी घालून फट ठेवा. तसबिरीला ताजा हार रोज घालणार असाल तर हे फारच गरजेचं, पाणी काचेच्या कडेनं आत उतरतं आणि फोटो काचेला धरतो. देवघरातल्या समईच्या अगदी वर टांगू नका, काजळी बसते.

पाककृतींची वही: लॅमिनेशन नको, आत गरम चिकट थर कायमचा बसतो. कुणी कितीही आग्रह केला तरी नको. पानं रंगीत ३०० ते ४०० डीपीआयला स्कॅन करा, काळ्या-पांढऱ्यात नाही. तेलाचे डाग आणि समासातली दुसऱ्या शाईची दुरुस्ती रंगातच वेगळी कळते. वही जाड सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा, स्वयंपाकघरात नाही. कागदांत औषधांची बिलं किंवा ईसीजी असेल आणि विमा-कराच्या कामासाठी लागणार असेल तर आताच झेरॉक्स काढा, तो चकचकीत कागद काही महिन्यांत कोरा पडायला लागतो.

आणि तिची वाटी. वहीत 'दोन वाट्या डाळ, अर्धी वाटी तीळ' असं लिहिलेलं असणार. ती वाटी कोणती ते घरातल्यांना आज माहीत आहे, दहा वर्षांनी नसेल. वाटी पाण्यानं काठोकाठ भरून ते पाणी मापाच्या भांड्यात ओता आणि आकडा वहीच्या पहिल्या पानाच्या प्रतीवर लिहा. चमच्याचंही तसंच. 'अंदाजे' लिहिलेलं असेल तिथे तिच्याबरोबर उभं राहून रांधलेली माणसं (जाऊ, नणंद, शेजारीण) बोलवा, पदार्थ करा, आणि घालण्याआधी प्रत्येक जिन्नस वजनकाट्यावर ठेवा. दोन वेळा केल्यावर आकडा पक्का धरता येतो.

---

धावदोरा
साड्यांचं सांगते. एकदम सगळ्या कापू नका. तीसमधल्या पाच-सहा अखंड ठेवा, बाकीच्यांचा विचार करा.

गोधडीला सुतीच घ्यायची. नेहमीची साडी साडेपाच मीटर लांब आणि साधारण सव्वा वार, म्हणजे ४५ इंच, रुंद असते. मधोमध कापून दोन तुकडे कडेला कड जोडले की डबल बेडचा एक थर होतो. एका माणसाच्या गोधडीला सात फुटी तुकडा आडवा न जोडता पुरतो, म्हणजे एका साडीत दोन थर निघतात आणि वर चारेक फूट उरतं, ते ठिगळांना आणि काठाला. चार थरांची गोधडी पुण्या-नाशकाच्या थंडीला बरोबर. सहाच्या वर गेलात तर सुई चालत नाही आणि धुतल्यावर आतलं वाळत नाही, कुबट वास येतो.

शिवण्याआधी तीन गोष्टी. एक, कापड दोन्ही अंगठ्यांनी आडवं ताणा. चर्र आवाज आला तर ती साडी विरलेली आहे, ती मधल्या थरात. दोन, ओल्या पांढऱ्या फडक्यानं रंग घासून बघा. जुन्या लाल-जांभळ्या काठांचा रंग हमखास जातो. तीन, एखादा थर नवीन कापडाचा घालणार असाल तर तो आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि जुन्या साड्यांना चुण्या पडतात. जॉर्जेट-शिफॉन गोधडीत घालू नका, सरकतं. त्याच्या उशा करा.

थर पसरून आधी मधून कडेकडे कच्चे टाके घाला, कडेकडून मध्ये नाही, नाहीतर फुगा मध्ये जमतो. मग सुती दोऱ्यानं धावदोरा, ओळींत एक ते दीड इंच अंतर. मशीनवर घालणार असाल तर टीप ४ मिलिमीटरवर ठेवा, बारीक टिपेनं जुनं कापड भोकं पडून फाटतं. गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडे किंवा बचत गटाकडे देणार असाल तर साड्या मोजून, प्रत्येकीचा फोटो काढून द्या आणि 'वर ही, खाली ही' असं चिठ्ठीवर लिहा. त्यांच्या दृष्टीनं ते जुनेर असतं. चूक त्यांची नाही.

इरकल वेगळी गोष्ट. तिचा पदर अंगाच्या कापडाला ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांत धागे अडकवून जोडलेला असतो, आणि साडी तिथेच आधी दगा देते. त्या जोडावर कापू नका आणि घडीही नको. पैठणी कापूच नका. घडी जिथे पडते तिथे जर आणि रेशीम तुटतं, म्हणून तीन-चार महिन्यांनी घडी बदला. मऊ धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून आडवी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा हँगरवर नको. डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नका. पदर फ्रेम करायचा असेल तर कापड चढवलेल्या पुठ्ठ्यावर टाक्यांनी बसवतात, गोंदानं नाही, आणि काच कापडापासून दूर. फ्रेमवाला फेविकॉल काढायला लागला की दुकानातून उठा.

वासासाठी एखादा सुती ब्लाउज किंवा गाऊन न धुता ठेवायचा असेल तर तो एकटाच झिपच्या जाड पिशवीत, हवा काढून, अंधारात ठेवा. पिशवी जितक्या वेळा उघडाल तितका वास लवकर जातो, तेव्हा दोन पिशव्या करा, एक उघडायची आणि एक न उघडायची. घामाचे डाग पुढे पिवळे पडणार आणि कसर लागू शकते हे गृहीत धरा. रेशमी कपडा यासाठी वापरू नका.

---

खानदेशी
सगळ्यांचे आभार. रिचार्ज केलं. डिसअपीअरिंग एका गटात चालू होतं, बंद केलं. दोन प्रश्न: स्मरणिकेचं कुणी सांगेल का? आणि ती शिकवायची त्या शाळेत बक्षीस ठेवावं असं मनात आहे, साधारण ५०,००० रुपयांचं.

---

खिळा_जुळारी
आधी तारीख ठरवा. वर्षश्राद्ध तिथीनं करणार असाल तर पुढच्या वर्षी ती तिथी इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते. मध्ये अधिक मास आला तर उलट १८-१९ दिवस पुढे जाते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे (१७ मे ते १५ जून), तो मध्ये पडत असेल तर गुरुजींना आधी विचारून मगच हॉल ठरवा, त्या महिन्याच्या मासिक श्राद्धाचंही तेच सांगतील. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, हीसुद्धा तुमच्या घरी पाळत असतील. पुष्कळ जण घरचा छोटा कार्यक्रम त्या दिवशी ठेवतात आणि स्मरणिका वर्षश्राद्धाला.

स्मरणिका ए५ आकाराची, पानं चारच्या पटीत. ४८ पानं पिनेनं बांधता येतात, त्याहून जाड झाली की पुस्तक उघडंच राहतं. मजकुराला ८० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा कागद, मधली आठ पानं फोटोंची असतील तर १३० जीएसएम आर्ट पेपर, मुखपृष्ठ २५० ते ३००. शंभर-दीडशे प्रतींना डिजिटल छपाई घ्या, ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च एवढ्या प्रतींत वसूल होत नाही. १२ पॉइंटच्या मराठी मजकुराचे ए५ पानाला अडीचशेच्या आसपास शब्द बसतात. यावरून लेख किती हवेत ते काढा.

लेख मागवताना 'आठवणी लिहून द्या' असं सांगितलंत तर पंचवीस जणांकडून 'मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीला तत्पर' एवढंच येईल. प्रत्येकाला वेगळा प्रश्न द्या. शाळेतल्या सहकाऱ्याला: वर्गात पोरं ऐकत नसली की ती काय करायची? नणंदेला: ती तुम्हाला कोणता पदार्थ शिकवून गेली, कृतीसकट लिहा. भावाला: लहानपणी भांडण कशावरून? मर्यादा ३०० शब्द. मुदत छपाईच्या दोन महिने आधीची सांगा, निम्मे लेख तरीही उशिराच येतात. लिहिता न येणाऱ्यांचा निरोप फोनवर रेकॉर्ड करून तुम्हीच उतरवा, बोलीभाषा सुधारू नका. अहिराणीत बोलले तर अहिराणीतच छापा.

सगळ्यात जास्त घोळ फॉन्टचा होतो. तुम्ही युनिकोडमध्ये टंकलेलं देता, छापखाना ते जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, आणि 'सुऱ्या', 'दुसऱ्या' मधला ऱ्य, 'ॲ', जोडाक्षरं, कधी रफार जागचे हलतात. म्हणून मुद्रितशोधन बदलानंतरच्या पानांवर करायचं, आधीच्या वर्ड फाइलवर नाही. नावं, माहेरचं आडनाव, जन्मतारीख आणि गावांची नावं दोन वेगळ्या माणसांनी मोठ्यानं वाचून तपासायची. आजाराची हकिगत एका परिच्छेदात आटपा. आयुष्याचे ते शेवटचे महिने होते, ४८ पानं त्यांची नाहीत.

आवाजासाठी क्यूआर कोड छापता येतो, चौकोन निदान २ सेंटिमीटरचा. पण तो तिच्या खात्यातल्या फाइलकडे नेणारा नको, तुमच्या किंवा मुलीच्या खात्यातल्या फाइलकडे न्या. फुकट क्यूआर बनवणाऱ्या काही साइट कोड मधल्या पत्त्यावरून फिरवतात आणि पुढे पैसे मागतात, ते 'डायनॅमिक' कोड टाळा. छपाईआधी कागदावर काढून दोन वेगळ्या फोनवर, आणि दुसऱ्याच्या लॉगिनवर तपासा. बहुतेक वेळा 'परवानगी मागा' असा पडदा येतो आणि पाहुण्यांसमोर फजिती होते.

बक्षीस. ५०,००० ची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ३,५०० रुपये मिळतात. आज एका मुलीच्या वह्या-पुस्तकांना ठीक, वीस वर्षांनी त्या रकमेत फारसं काही येणार नाही. मी 'कायमस्वरूपी'चा आग्रह धरणार नाही. तेच पैसे दहा वर्षांत, दर वर्षी ५,००० मुद्दलातून आणि वर व्याज, असे संपवले तर प्रत्येक मुलीच्या हातात खरंच काहीतरी पडतं. ठेव संस्थेच्या नावे, कार्यकारिणीचा ठराव लेखी, निकष एकच आणि वाद न होणारा (अमुक इयत्तेत मराठीत पहिली), आणि बक्षीस कोणत्या दिवशी द्यायचं तेही ठरावात. मुख्याध्यापक बदलले की तोंडी ठरलेलं सगळं पुसलं जातं. रक्कम धनादेशानं द्या आणि पावती घ्या, रोख २,००० च्या वर दिली तर करसवलत मिळत नाही.

---

कागदकाम
खानदेशी, घरात आजारपणातलं सामान राहिलं असेल तर त्याचंही बघा. वॉटर बेड, एअर मॅट्रेस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, कमोड खुर्ची गावातल्या रुग्णसाहित्य केंद्राला देता येतं. एअर मॅट्रेस फुगवून रात्रभर ठेवून गळती तपासा आणि वाळवून मगच घडी करा, कॉन्सन्ट्रेटरचं फिल्टर बदलून द्या. मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलचे पॅच उरले असतील तर ते मात्र कुणा गरजू पेशंटला परस्पर देऊ नका. कायद्यानंही चालत नाही आणि मात्रा माणसागणिक वेगळी असते. जिथून मिळाले त्या उपशामक उपचार विभागात मोजून परत करा आणि परत केल्याची नोंद मागा.

---

धावदोरा
तिनं केलेला मसाला किंवा लोणचं उरलंय का? गोडा मसाला असेल तर थोडा हवाबंद काचेच्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये टाका. चिठ्ठीवर महिना लिहा. बाटली बाहेर काढली की साधारण तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आत दव धरतं आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात. एक चमचा बाजूला काढून ठेवा, वहीतल्या प्रमाणानं नवीन मसाला केलात की दोन्ही शेजारी ठेवून वास आणि रंग ताडून बघता येईल. धणे किती भाजायचे हे वहीत कुणीच लिहीत नाही, ते त्या चमच्यावरून कळतं.